गुळगुळीत केलेला मणी

मला दगडांतलं कळतं, असं मी आयुष्यभर सांगत आलो. अजूनही कळतं, पण आता चारचौघांत तसं म्हणायला जीभ रेटत नाही. माझं लहानपण नगर जिल्ह्यात गेलं. तिथे विहीर खणायला घेतली की बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यात गारगोट्या सापडायच्या. वरून अगदी बटाट्यासारख्या ओबडधोबड, पण फोडल्या की आत पांढरे, राखाडी, तांबूस पट्टे. अकीक म्हणतात त्याला. माझ्या चड्डीचे खिसे त्या दगडांनी कायम फाटलेले असायचे आणि त्यापायी मी पुष्कळ मारही खाल्लाय.

पुढे इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो, पंपांची डिझाइनं करण्यात नोकरी संपली. रिटायर झाल्यावर न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी दगड कापायची करवत, घासायची चाकं, हिऱ्याची पूड लावलेल्या कानशी असा सगळा संसार मांडला. एका ड्रममध्ये खडे आणि वाळू घालून तो ड्रम दिवसेंदिवस फिरत ठेवायचा, की खडे गुळगुळीत होतात. बायको म्हणायची, खाली कुणीतरी पाहुणा येऊन घोरतोय असं वाटतं. पण तिने कधी बंद करा म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीच्या तोंडावर तिला स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. शब्द उरले ते चारच. हो, नको, बास, आणि मेल्या. आमचं लग्न होऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत ती मला 'अहो'च म्हणत आली होती. आता मी समोर दिसलो की मेल्या. स्पीच थेरपिस्टने अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं, लाडाने म्हणते. ते अगदीच खोटं नव्हतं, पण तिला बोलायचं असायचं भलतंच आणि तोंडातून यायचं हे, आणि मग ती डाव्या हाताने स्वतःच्याच मांडीवर चापट मारून घ्यायची. ते बघवायचं नाही.

एजन्सीने मदतीला पाठवलेल्या पहिल्या दोन बायका आठवड्याभरात गेल्या. दोष माझा. मी किरकिऱ्या माणूस आहे, औषधाची वेळ पाच मिनिटं पुढे गेली तरी माझं डोकं फिरतं. तिसरी आली ती तिबेटी, पंचावन्नच्या आसपासची, बुटकी, गालांवर तांबडे डाग. जन्म कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीतला, आणि लहानपणी दर हिवाळ्यात आईबरोबर पुण्याच्या फुटपाथवर स्वेटर विकायला बसायची. त्यामुळे हिंदी फर्डं आणि मराठी बाजारापुरतं. पहिल्याच दिवशी ती माझ्या बायकोपुढे वाकली आणि म्हणाली, "बघा तर ताई, अंगाला लावून बघा, एकदम गरम आहे." बायको हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली, आणि तिच्या तोंडून पाचवा शब्द आला, "स्वेटर." तेव्हापासून ती त्या बाईला स्वेटरच म्हणायची.

बायको तिची ताई आणि मी मात्र काका. म्हणजे आमच्या दोघांत एक पिढी टाकून दिली बाईने. मी तक्रार केली तर म्हणाली, "काका, तुम्ही गुस्सा करता, म्हणून म्हातारे दिसता."

हाताचे व्यायाम दिवसातून तीनदा करायचे होते. मी घ्यायचो तेव्हा शाळेतल्या पीटीच्या मास्तरासारखे आकडे मोजायचो आणि बायको तोंड फिरवायची. ही बाई चक्क घासाघीस करायची. "ताई, दहा वेळा." बायको म्हणायची, नको. "बरं, नऊ. तुमच्यासाठी नऊ." नको. "आठ, फायनल, बोहनीची वेळ आहे." मग बायको सात बोटं दाखवायची, लुळ्या उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने उघडून, दोन खेपांत, आणि तोच व्यायाम झालेला असायचा. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. सोमवार ते शुक्रवार ती आमच्याकडे राहायची, शनिवारी बसने न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सला स्वतःच्या खोलीवर जायची, आणि शनिवार-रविवार घर कसं सुन्न व्हायचं.

तिच्या गळ्यात एक मणी होता. तेलकट काळ्या दोऱ्यात ओवलेला, करंगळीच्या पेराएवढा, दोन्ही टोकांना निमुळता, तपकिरी, त्यावर पांढऱ्या रेघा आणि दोन गोल डोळे. माझी नजर तिथे जाणारच. मी म्हटलं, बघू. तिने दोरा काढला नाही, नुसता मणी पुढे धरला. मी लगेच व्याख्यान सुरू केलं, हा अकीक, ज्वालामुखीच्या खडकातल्या पोकळीत थराथराने कसा बनतो वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, हा दगड नाही."

त्याला ती झी म्हणायची. ही झी कुणी बनवत नाही, देवांच्या गळ्यातली आहे, जरा खोट आली की ते वरून टाकून देतात, आणि नांगरताना शेतात सापडते. तिच्या आजीच्या आजीला तशीच सापडली होती. स्ट्रोकला त्यांच्यात आजार म्हणत नाहीत, अंगावर ग्रह पडला म्हणतात, आणि झी गळ्यात असली की तो घाव ती स्वतःवर घेते. आईकडून मुलीकडे जाते. कधी विकायची नाही, उसनी द्यायची नाही.

मण्यावर बारीक खड्डे होते, चार. मला वाटलं आपटून टवके उडालेत. तर नाही. त्यांच्याकडचे वैद्य झी शुद्ध करून, कुटून मोठ्या मोलाच्या गोळ्यांत घालतात. पण डोंगरातल्या गावात वैद्य कुठला? मग घरात कुणी मरणाला टेकलं की बायकाच मण्याचा कण काढायच्या, उगाळायच्या आणि पाण्यातून पाजायच्या. पहिला खड्डा कुणासाठी काढला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरा तिच्या वडिलांसाठी, बर्फातून सीमा ओलांडताना. तिसरा आईसाठी, बाळंतपणात. चौथ्या खड्ड्यात तिने बोट टेकवलं आणि म्हणाली, "ही मी. आठ वर्षांची होते, ताप उतरत नव्हता."

मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. मी तिला सांगितलं की ही सिलिका आहे, वाळूची बहीण, पोटात गेली तशी बाहेर येते, आणि तुमचा ताप आपोआप उतरला असणार. ती म्हणाली, "हां काका." आणि बायकोचं सूप गरम करायला गेली.

डिसेंबरात बायकोला फिट आली. हॉस्पिटलमधून घरी आणली त्या दिवशी त्या बाईने गळ्यातली झी काढली आणि माझ्या बायकोच्या गळ्यात बांधली. उसनी द्यायची नाही असं तिनेच सांगितलं होतं, पण माझ्या तेव्हा ते ध्यानातसुद्धा आलं नाही. मी म्हटलं असू दे, दोऱ्याने काही बिघडत नाही. बायको मात्र दिवसभर डाव्या हाताने तो मणी चाचपत बसायची, अंगठा त्या खड्ड्यांवरून फिरवत.

आणि जानेवारीत ती सुधारली, हे खरं आहे. चहा, दार, ऊन असे शब्द आले. एकदा टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आमच्या मुलीचा फोन आला, तेव्हा हिने फोन हातात घेतला आणि स्वच्छ म्हणाली, "जेवलीस का?" पलीकडे मुलगी रडायला लागली. मी बेसमेंटमध्ये जाऊन ड्रमच्या आवाजात रडून घेतलं. वर आल्यावर सगळ्यांना सांगितलं, थेरपी, सातत्य, शिस्त. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.

फेब्रुवारीत तिबेटी नवं वर्ष आलं आणि ती चार दिवस क्वीन्सला गेली. बायकोचं अंग पुसायचं काम माझ्याकडे आलं. पुसता पुसता मण्याकडे लक्ष गेलं, तर पाचवा खड्डा. ताजा, कडा अजून पांढऱ्या. म्हटलं, बाथरूममधल्या लोखंडी दांडीवर आपटला असणार. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वस्तू, आमच्या घरात येऊन फुटली, आणि बाई इतकी भिडस्त की अवाक्षर बोलली नाही. आता आपण हे भरून द्यायचं. आपल्या हातात विद्या आहे. आधीचे चार खड्डेही, माझ्या लेखी भाकडकथेचे, त्याबरोबर जातील. ती परत येईल तेव्हा मणी नवाकोरा करून तिच्या हातावर ठेवायचा.

मी दोरा सोडायला गेलो तर बायकोने मणी मुठीत धरला. "नको," म्हणाली. मी म्हटलं, अगं, तिच्यासाठीच करतोय, बघ कसा चमकवतो. "नको. नको. मेल्या, नको." मला वाटलं, नेहमीसारखं शब्द चुकतायत. मी तिची बोटं उघडली, एकेक करून. स्ट्रोक झालेल्या माणसाच्या चांगल्या हातात किती ताकद असते ते मला त्या दिवशी कळलं, आणि तरीही मी उघडली. हे लिहायलाच हवं.

चाकावर घासताना मी काय चूक केली, ते दगडवाल्यालाच कळेल असं आहे. गारगोटीतले पट्टे आरपार असतात, कितीही घासा, खालून तोच पट्टा वर येतो. आयुष्यभर मी तेच पाहत आलो होतो. पण या मण्यावरच्या रेघा निसर्गाने काढलेल्या नव्हत्या, कुण्या जुन्या कारागिराने क्षार लावून, भट्टीत घालून उमटवल्या होत्या, आणि त्या वरच्या थरापुरत्याच होत्या. खड्डे जायला मिलिमीटरभर दगड काढावा लागला. मी चष्मा पुसून पाहिलं तेव्हा एक डोळा अर्धा पुसला गेला होता आणि रेघा केसासारख्या बारीक झाल्या होत्या. मी थांबलो. जरा चरकलोही. पण मग पॉलिश केल्यावर त्याला असं काही तेज आलं की, खोटं कशाला सांगू, मला तो आधीपेक्षा सुंदर वाटला. नवा रेशमी दोरा ओवला आणि घड्याळाच्या डबीत ठेवला.

ती परतली तेव्हा डबा भरून तळलेले गोड शंकरपाळे घेऊन आली होती. मी डबी पुढे केली. तिने मणी तळहातावर घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. तिचं बोट काहीतरी शोधत होतं.

"ते कुठे गेले?"

"काढून टाकले," मी म्हटलं. "एक तर आमच्याच बाथरूममध्ये पडला असणार. सॉरी हं. तुम्ही बोलला नाहीत, पण मी पाहिलं."

"तो पडला नव्हता काका," ती म्हणाली. "तो मी काढला. ताईंसाठी. जानेवारीत. तुमच्या टेबलावरची छोटी कानस घेतली होती, धुऊन परत ठेवली."

माझं टाळकंच सरकलं. गिळायला त्रास म्हणून बायकोच्या पाण्यातसुद्धा आम्ही दाट करायची पावडर घालत होतो, एखादा कण श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया, आणि हिने तिला दगड पाजला? एरवी मी तिला तुम्ही म्हणायचो, त्या दिवशी सरळ अगंतुगंवर आलो. म्हटलं, माझ्या बायकोला दगड खायला घालणारी तू कोण? ती म्हणाली, "ताईंना विचारून दिलं होतं." मी ओरडलो, तिला बोलता तरी येतं का, काय विचारलंस! बायको खुर्चीच्या हातावर मूठ आपटत होती. "बास. बास. बास." ती मला सांगत होती. मला ते समजलं होतं, आणि तरी मी असं दाखवलं की ती माझ्याच बाजूने बोलते आहे.

आजच्या आज निघ म्हणून मी सांगितलं. तिची एकच बॅग होती. जाताना तिने बायकोची शाल नीट केली, कानात काहीतरी बोलली, आणि गेली. आपल्या मण्याचं मी काय केलं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्या भांडणात माझ्या गुन्ह्याचा विषयच निघाला नव्हता, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, एवढ्याशा पावडरने काही होत नाही, पण पुन्हा देऊ नका. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, यू फायर्ड हर? आईला ती एकच माणूस कळत होती." मी म्हटलं, तू तिकडे बसून मला शिकवू नकोस.

नवी बाई आली ती अगदी नियमाने चालणारी. हातमोजे, तक्ता, दहा म्हणजे दहा. माझ्या मनासारखी. आणि बायकोने व्यायाम सोडले, मग खाणं कमी केलं, मग शब्द एकामागून एक गेले. ऊन गेलं, दार गेलं. मेल्यासुद्धा गेला. एप्रिलच्या सुरुवातीला दुसरा स्ट्रोक आला आणि चार दिवसांत ती गेली.

गळ्यात मणी नव्हता म्हणून गेली, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर माझा उभा जन्म खोटा ठरेल. पण शेवटचे पाच आठवडे ती दुःखात होती, आणि ते दुःख तिला मी दिलं. यात विज्ञान माझी बाजू घेत नाही.

दिवसकार्य झालं, मुलगी फ्रिस्कोला परत गेली. जाण्याआधी तिने क्वीन्सचा पत्ता मिळवून फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. आठवडाभर मी तो पत्ता येता-जाता बघत होतो. मग एका सकाळी गाडी काढली, पूल ओलांडला, आणि पार्किंग शोधण्यात तासभर घालवला, तेवढाच वेळ पुढे ढकलला गेला. तिसऱ्या मजल्यावर तिनेच दार उघडलं. मला पाहून तिचा चेहरा खुलला, आणि ती माझ्या मागे, जिन्याकडे बघायला लागली.

"ताई खाली गाडीत आहेत?"

मी म्हटलं, ती गेली. ती दाराशीच खाली बसली, चपलांमध्ये. मीही बसलो, गुडघे दुखत असताना. मग ती उठली, त्यांच्यातला लोण्याचा खारट चहा केला, आणि आम्ही तो प्यायलो.

मी तिची माफी मागितली. आयुष्यात इतकी सरळ माफी मी कुणाचीच मागितली नव्हती, ऑफिसात नाही, घरात तर नाहीच. मणी तिच्या गळ्यात नव्हता. तिने तो स्वतःच्या मुलीला दिला होता, मुलीचे दिवस भरत आले म्हणून. पण सासरच्या वडीलधाऱ्यांनी हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, हा जुना नाही, बाजारातला नवा दिसतो, तुझ्या आईला कुणीतरी फसवलं. मी म्हटलं, मी येतो, मी सांगतो त्यांना, माझी चूक आहे. ती म्हणाली, "किती लोकांना सांगणार, काका?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिने मला एक विचारलं. "ताईंनी मला बोलावलं का?"

पुलावरच मी ठरवलं होतं, नाही म्हणायचं. तिची शुद्ध गेली होती, तिला काही आठवत नव्हतं, असं सांगायचं. पण समोर बसून ते जमलं नाही.

"रोज," मी म्हटलं. "सकाळी जाग आली की दाराकडे बघून स्वेटर म्हणायची. सगळे शब्द गेले, तो शेवटपर्यंत होता. मी सांगायचो, सुट्टीवर गेलीये, सोमवारी येणार."

"आणि सोमवारी काय सांगायचात?"

"पुढच्या सोमवारी येणार म्हणून."

"ताईंना खरं वाटायचं?"

"वाटायचं," मी म्हटलं. "दर सोमवारी ती केस विंचरून घ्यायची आणि खुर्ची दारासमोर ठेवायला लावायची."